तुरुंगातून आलेली सिस्टर

धुळ्याहून अमळनेरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ती रोज भेटायची. पांढरं पातळ, गळ्यात काळ्या दोऱ्यातला क्रूस. बसचं दार उघडायला तिचा हात कधी पुढं व्हायचा नाही. दुसरं कोणी उघडेपर्यंत ती थांबून राहायची.

मिशनच्या मदत पथकाबरोबर ती आफ्रिकेत गेली होती. तिथल्या लढाईत दोन्ही बाजूंच्या जखमींना मलमपट्टी केली म्हणून सैनिकांनी तिला आणि दोन गोऱ्या नर्सना हेर ठरवून कोंडलं. गोऱ्या नर्स तीन महिन्यांत सुटल्या. हिच्यासाठी कोणी आलं नाही. दीड वर्ष ती एकटीच अहिराणीत प्रार्थना म्हणत राहिली. परतली, तेव्हा मिशनच्या दवाखान्यात तिच्या जागी दुसरी होती.

"सिस्टर, देवाचा राग नाही आला?" मी एकदा विचारलं.

"देव ते मन्हासंगे तुरुंगमा व्हता, भाऊ," ती म्हणाली. "बाहेर ऱ्हायनात ते सगळा लोके."

पुढं माझी आई आजारी पडली. रोज इंजेक्शन हवं होतं. घरी येऊन द्याल का, असं विचारताच ती हो म्हणाली. आई मात्र कडाडली, "जेलमा ऱ्हायेल बाई मन्हा घरमा नको!"

मी आईला समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिला खोटंच सांगितलं, "आईला बरं आहे आता."

तिचा चेहरा उजळला. तिथंच डोळे मिटून, हात जोडून तिनं माझ्या आईसाठी देवाचे आभार मानले. शेजारी बसून मी ते शेवटपर्यंत ऐकलं.