काजळी आणि पाच किलोमीटर

हॉट हॅच म्हणजे दिसायला भाजी आणायची गाडी आणि पोटात रेसचं इंजिन. चाळिशीत मला ती हवीशी झाली, याचं बायकोला काही नवल वाटलं नाही. प्रश्न एवढाच होता : पेट्रोल की डिझेल?

दोन्ही चालवून पाहिल्या. पेट्रोलवाली आवाज चढवत चढवत पळायची. डिझेलवाली घोगरी, पण पाय ठेवला की मागून कुणी ढकलल्यासारखी निघायची. असं का होतं, याचं मला भलतंच कुतूहल. आठवडाभर टॉर्कचे आलेख बघत बसलो आणि निकाल शेवटी पुण्याहून बाबांनी व्हिडिओ कॉलवर एका प्रश्नात लावला, "एव्हरेज किती देते?" इथे परदेशात आमचं घर टार्निट या उपनगरात, शहराच्या एका टोकाला, आणि माझं ऑफिस पार दुसऱ्या टोकाला. डिझेल घेतली. बायको तिला ट्रॅक्टर म्हणायची आणि स्वतःच्या जुन्या, चिमुकल्या पेट्रोल गाडीने हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्टला जायची.

मग लॉकडाऊन आला. ऑफिस डायनिंग टेबलावर आलं आणि घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी झाली. माझा ट्रॅक्टर दूध-ब्रेड आणू लागला. काही आठवड्यांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, तेव्हा कुठे मी मॅन्युअल उघडलं. डिझेलची काजळी एका फिल्टरमध्ये साठते, ती जळून जायला गाडी फ्रीवेवर सलग पळावी लागते. नाही पळाली तर फिल्टर तुंबतो आणि गाडीचा जोरच जातो. घेण्याआधी वाचायचं पान मी नेमकं घेतल्यावर वाचत होतो.

सुपरमार्केटला जायचा सगळ्यात लांबचा रस्ता शोधला. त्यावर पावलोपावली राउंडअबाउट, गाडी सलग पळेचना. एका पोलिसाने थांबवून कुठे निघालास मेट, असं विचारलं, तर कोथिंबीर आणायला म्हणालो. फिल्टरची कहाणी त्याला पटली नसती. दिवा आता लुकलुकायला लागला होता.

घरात कामावर जायचा परवाना एकाच माणसाकडे होता आणि तिची वाट फ्रीवेवरूनच होती. बरेच आढेवेढे घेऊन मी विचारलं, ट्रॅक्टर नेशील का?

"आणि वाटेत रुसली तर? लोकांचे रिपोर्ट माझ्यासाठी थांबतील."

बंद पडणार नाही, फार तर हळू होईल, असं मी ठासून सांगितलं. हे मी दहा मिनिटांपूर्वीच वाचलं होतं. गिअर खालचा ठेव, इंजिन जरा ओरडू दे, अशा सूचनाही दिल्या. ती गेली आणि मी मीटिंगमध्ये म्यूटवर बसून फोनकडे बघत राहिलो.

संध्याकाळी ती आली ती नेहमीसारखी थेट आंघोळीला गेली. मला दम कुठला. बाथरूमच्या दाराबाहेरूनच विचारत सुटलो : दिवा कधी विझला, जळका वास आला का, आवाज बदलला का?

"पुलाच्या अलीकडे विझला," आतून आवाज आला. मग नुसतंच पाणी. मग, "चढावर काय खेचते रे ती."

दुसऱ्या दिवशी ती निघताना मी किल्लीसाठी हात पुढे केला.

"तुला कुठे जायचंय?"

दूध आणायला, म्हणालो.

"मग काजळी कोण जाळणार?" तिने किल्ली पर्समध्ये टाकली आणि ट्रॅक्टर घोगऱ्या आवाजात गल्लीबाहेर गेला.

मी चिमुकल्या पेट्रोल गाडीत बसलो. सीट तिच्या उंचीला लावलेली होती, ती मागे सरकेना. गुडघे स्टिअरिंगला टेकवून दुधाला निघालो.