नेपाळच्या उतारावर आम्ही तिघं

भूमच्या शाळेत मी पी.टी. शिकवतो, म्हणजे मी शिट्टी वाजवतो आणि पोरं पळतात. चव्वेचाळिसाव्या वर्षी डोंगरातल्या सायकल शर्यतीला परदेशी जायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही. बायको एवढंच म्हणाली की, विमा भरलाय ना?

शर्यत नेपाळात होती. त्यामुळं परदेशाचा दिमाख गावात पहिल्याच दिवशी उतरला. व्हिसा लागत नाही म्हटल्यावर पारावरच्या एका जाणत्यानं विचारलं, मग ह्याला परदेश कसं म्हणायचं? त्याचा भाचा दुबईला होता, म्हणून त्याचा शब्द अखेरचा.

संघ तिघांचा. चढ फक्त ठरल्या वेळेत चढायचा, घड्याळ लागतं ते उतारावर. आणि संघाची वेळ धरतात ती शेवटच्या गड्याची. हा नियम वाचून दोघांनी माझ्याकडं पाहिलं. एक माझा मेव्हणा, ढोकीला ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. दुसरी तेरखेड्याची माझी जुनी विद्यार्थिनी. तिच्या घरी फटाके बनतात आणि उतारावर ती तशीच सुटते.

वर्षभर आम्ही बालाघाटाच्या उतारांवर सराव केला. मुरूम, धोंडे, बाभळीचे काटे, सगळ्यात तरबेज झालो. राहिला फक्त चिखल. आमच्याकडं चिखलाचा सराव करायचा तर टँकर मागवावा लागतो.

नेपाळात नेमका शर्यतीच्या आदल्या दिवशी पाऊस झाला. पहिला उतार मी अर्धा सायकलवर आणि अर्धा पाठीवर उतरलो. पाठीवरचा वेग जास्त होता. दुसऱ्या उतारावर एका मुळाला धडकलो आणि मागचा गिअर चाकात अडकून मोडला. मी कडेला बसलो. शेजारून जाणारे परदेशी गडी काळजीनं विचारत होते, आणि मी अंगठा वर करून त्यांना प्रोत्साहन देत होतो. मास्तरकीची सवय.

पुढं गेलेला मेव्हणा सायकल टाकून उलटा चढत आला. मोडका गिअर बघून त्याचा चेहरा उजळला. तीन दिवस त्याच्या हाताला काम नव्हतं. मी म्हणालो, माझं सोडा, तुम्ही दोघं जा. हुतात्मा व्हायची संधी मला सहसा मिळत नाही.

"दाजी, उताराला चेन कशाला लागती?" असं म्हणून त्यानं चेन तोडली आणि माझ्याच गळ्यात घातली.

पायडल मारायची सोय गेल्यामुळं चुका करायची माझी साधनं कमी झाली. तो उतार मी न पडता उतरलो.

अडचण पुढच्या चढाची होती. ढकलत गेलो असतो तर वेळ संपून बाद झालो असतो. खाली थांबलेल्या विद्यार्थिनीनं पिशवीतून जुनी ट्यूब काढली. एक टोक तिच्या सीटखाली बांधलं, दुसरं माझ्या हँडलला. ती पुढून ओढायला लागली, मेव्हणा एका हातानं पाठीला रेटा द्यायला लागला. ही पोरगी नववीत असताना मी तिला तालुक्याच्या धावण्याच्या संघातून काढलं होतं, दम कमी आहे म्हणून. ते मला नेमकं तिथं आठवलं. तुला आठवतंय का, असं मी विचारलंही.

"आठवतंय की, सर," ती मागं न बघता म्हणाली. "तुम्ही बोलू नका. दम लागंल."

डोळ्यांत पाणी आलं, ते घामाच्या नावावर खपवलं.

वेळ संपायला चार मिनिटं असताना माथ्यावर पोचलो. शेवटचा उतार पुन्हा बिनचेनचा. खाली दोघं माझी वाट बघत थांबली होती. आम्ही शेवटून दुसरे आलो. आमच्या मागचा संघ वाट चुकून भलत्याच गावात उतरला होता.

परतल्यावर गावात सत्काराचा कार्यक्रम झाला. अध्यक्षांनी नेपाळात दुसरा क्रमांक असं जाहीर केलं, टाळ्या वाजल्या आणि मी विनयानं मान खाली घातली. खोटं बोलायला हा फार सोयीचा पवित्रा आहे. मेव्हण्यानं उठून माइक ओढला.

"शेवटून दुसरा," तो म्हणाला आणि खाली बसला.

टाळ्या पुन्हा वाजल्या, पहिल्यापेक्षा जोरात. अध्यक्षांनी तिघांत मिळून एकच शाल आणली होती. ती मी विद्यार्थिनीच्या खांद्यावर टाकली. ती हळूच म्हणाली, "सर, लई उकडतंय."