मंत्र्याचं पापलेट

माझ्या बायकोच्या मामांइतका मासळीवर जीव टाकणारा प्राणी देवानं दुसरा घडवला असेल, तर तो मांजराच्या जन्माला घातला असेल. बाकीचे लोक गिरगाव सोडून भाईंदरला आले ते जागा स्वस्त म्हणून. मामा तिथल्या गोडदेवला आले ते खाडी जवळ म्हणून. लग्नाच्या पंगतीत श्रीखंड वाढलं की हा माणूस खिशातून भाजलेल्या सुकटाची पुडी काढायचा आणि शेजारचे पाहुणे नाक दाबून सरकायचे. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा सगळ्यांना पोहे आले, मला मात्र मामांनी तळलेला बोय मासा वाढायला लावला. मी काटे कसे काढतो ते चष्मा पुसून पुसून पाहिलं आणि आत जाऊन सांगितलं, "देऊन टाका. मुलगा टिकेल." माझी नोकरी त्यानंतर कुणी विचारलीच नाही.

ही मासळी यायची मथुराकडून. नवऱ्यानं खाडीत धरलेलं ती टोपलीतून दारोदार विकायची, आणि रोज सकाळी मामा तिच्याशी भांडायचे. हे कल्ले उचलून नाक मुरडणार, ती टोपली डोक्यावर घेऊन निघाल्यासारखं करणार, मग मामी मध्ये पडणार. मथुरा एखाद्या दिवशी आली नाही तर मामांच्या घरात सुतक.

नव्वदीच्या सुरुवातीला एका वर्षी खाडीतले मासे मरून वर आले. कुठल्यातरी कारखान्याचे टँकर अंधारात येऊन काळं पाणी ओतून जातात हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त सरकारला. आधी म्हणाले चौकशी चालू आहे. मग म्हणाले मासे उन्हानं मेले. आणि ओरड फारच झाली तेव्हा मंत्री स्वतः आले. कशाला, तर खाडीची मासळी चांगली आहे हे खाऊन दाखवायला! निर्लज्जपणाला काही सीमा? मासळी चांगली ठरली की भरपाई नको, टँकरवाल्याचं नाव नको, सगळे हात धुऊन मोकळे. मथुरा बिचारी तरीही आशेवर होती. तिच्या टोपलीकडे कुणी फिरकत नव्हतं. मंत्र्यानं खाल्लं तर लोक पुन्हा घेतील, म्हणून तिनं त्याच्यासाठी खाडीतला बोय तळून आणला होता.

किनाऱ्यावर मांडव घातला होता. फोटोवाल्यांसमोर मंत्र्यांनी घास घेतला आणि माझ्या शेजारी उभे असलेले मामा पेटले. ताटात पापलेट होतं. अहो, पापलेट खोल समुद्रातलं, आमच्या खाडीच्या चिखलात ते कुठून येणार? साहेबांना शोभेलसं काहीतरी हवं म्हणून कुणा अधिकाऱ्यानं ते मुंबईच्या बाजारातून आणलं होतं, आणि मथुराचं ताट तसंच झाकून बाजूला ठेवलं होतं. गाढवांना लबाडीसुद्धा धड जमली नाही!

मामांनी ते ताट उचललं आणि थेट मंत्र्यापुढे धरलं. "साहेब, खाडीचा मासा हा. हा खा, नाहीतर ते पाणी कुणी सोडलं त्याचं नाव सांगा." मंत्री म्हणाले, पोट भरलं. "मग मी खातो. मला काही झालं तर जबाबदार कोण, तेवढं सांगा," असं म्हणत मामांनी घास तोंडाशी नेला. मंत्र्याला हाच मासा वाढायला निघालेली मथुरा धावत आली आणि तिनं मामांचा हात धरला.

"नको भाऊ. आम्ही पन न्हाय खात."

मंत्री हसले. "बघा, यांचाच यांच्या मासळीवर भरवसा नाही," असं म्हणून ते गाडीत बसले ते गेलेच. कागदावर मासळी चांगली, म्हणून भरपाई नाही. आणि मथुरा चारचौघांत बोलून गेली, म्हणून गिऱ्हाईकही नाही. तिच्यावर दोन्हीकडून वरवंटा फिरला. ती आमच्या इंद्रलोक वसाहतीच्या इमारतींत भांडी घासायला लागली. मंत्री पुढच्या निवडणुकीत हारांनी मढून पुन्हा आले. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

मामांनी मासे सोडले. आमच्याकडे जेवायला आले की गुपचूप वरणभात खायचे; माशांची आमटी उकळताना वास आला तर गॅलरीत जाऊन उभे राहायचे. मथुरा जिन्यात दिसली की मान खाली घालायचे.

ते गेले तेव्हा मथुरा आली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, मामांमुळे तुझा धंदा बुडाला, त्यांना ते शेवटपर्यंत लागून राहिलं होतं.

"धंदा त्या पान्यानं बुडवला," ती म्हणाली. "सायब लोक येवढे आले, गेले. आमचा मासा खायला निघाला तो येक तुमचा मामाच."

मग ती मामींजवळ भिंतीला टेकून बसली, ती बराच वेळ उठली नाही.