'नको' म्हणणारे मामा

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात कॉम्प्युटरला तोंडावर 'नको' म्हणायची हिंमत असलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या आईचा सख्खा धाकटा भाऊ निघाला. सूतगिरणीतली नोकरी सुटल्यावर, दोन हजार सालाच्या आसपास, मामांनी कळंब्याला घराच्या पुढच्या खोलीत जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायला सुरुवात केली. लोक हार्डडिस्क पिशवीत घालून आणत. मामा चष्मा वर करून डिस्कवरचा नंबर मोठ्यांदा वाचत आणि तोच नंबर पडद्यावर दिसल्याशिवाय पुढं जात नसत. "दोन डिस्का सारख्या दिसल्या की मानूस भलत्याच घरात शिरतोय," म्हणत. डिस्कचे भाग दाखवणारा प्रोग्रॅम उघडला की दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसत. "बघायला हात कशाला लागत्यात?" डिस्क नव्यानं तयार करू का, म्हणजे कोरी समजू का, असं मशीननं विचारलं की इतक्या खणखणीत आवाजात "नको!" म्हणत की शेजारची म्हातारी दचकायची.

आपल्याकडं पंगतीत 'वाढू का?' म्हटल्यावर नको म्हणायची सोय नाही; म्हटलं तर दोन जास्त पडतात. मामांच्या मते सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. म्हणून ते नको म्हणायचा सराव करत. माझ्या लग्नात त्यांनी जिलबीला, मठ्ठ्याला, अगदी आहेराच्या टोपीलासुद्धा नको म्हटलं. मामी तीन दिवस बोलली नाही त्यांच्याशी.

मी मात्र अस्सल पंगतीतला माणूस! बाबा गेल्यानंतर वर्षभरानं मी जुन्या मशीनमधली डिस्क नव्या मशीनला जोडली. तिच्यावर बाबांचा आवाज होता. चंदगडच्या शाळेत मास्तर असतानाच्या गमती त्यांनी माईकसमोर बसून सांगितल्या होत्या, आणि दुसरी प्रत कुठंच नव्हती. आई रोज विचारायची, "लागला का रे आवाज?" नव्या मशीननं अदबीनं विचारलं, डिस्क तयार करू का? मी मनात म्हटलं, करा की! आणि 'हो' दाबलं. डिस्क कोरी दिसायला लागली.

डिस्क टॉवेलात गुंडाळून तडक कळंबा गाठला.

"मामा, मी हो म्हटलं."

"आरं मुडद्या, त्यानं इचारलं म्हणून तू व्हय म्हनलास? उद्या घर पाडू का म्हनलं तर?" मग एकदम आवाज खाली आला. "त्याच्यावर नवीन काय लिवलंस?"

"काहीच नाही."

"मग दारावरची पाटीच गेलीया. घर आत तसंच आसंल. पर आता हात लावायचा न्हाय."

मामांनी आधी अख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवली. त्यातच दिवस गेला. मूळ डिस्क कपाटात ठेवून शोधाशोध फक्त नकलेत. "थेट मूळचीच बघूया की," म्हटलं, तर मला उठवून व्हरांड्यात बसवलं. असे चार दिवस गेले. आईला मी काही सांगितलं नव्हतं, आणि तिच्या तोंडाकडं बघवतही नव्हतं.

रविवारी मामा आमच्या घरी आले आणि मशीनला सीडी लावली. थोडी खरखर झाली, मग बाबा खाकरले. "हं, चालू झालं काय? अगं ए, जरा इकडं ये बघू."

आई आत भाकरी थापत होती. "आले, आले," म्हणत ती पिठाच्या हातांनी पटकन बाहेर आली, आणि दारातच थांबली. मला रडू आवरेना. बाबा आपले बोलतच होते, चंदगडच्या पावसाबद्दल.

मामांनी खुर्ची पुढं सरकवली. "बस आक्का. दाजी लई येळ बोलनार हायत."