मास्तरांनी बसवलेली उत्तरं

नाटकं बसवणाऱ्या माणसाच्या नाकावर राग असतोच. मास्तरांच्या नाकावर तर तो कायमच्या मुक्कामाला होता. शाळेतून निवृत्त होईपर्यंत त्यांनी पोरांकडून भाषणं, नाटुकली, स्वागतगीतं सगळं घोटून घेतलं. कुणी शब्दाचं शेपूट गिळलं की त्यांच्या डोक्यात तिडीक जायची. निवृत्तीनंतर ते दारावरच्या भाजीवाल्याचे उच्चार सुधारू लागले, तेव्हा बायको म्हणाली, "कुठेतरी कामाला जा बाबा. नाहीतर मी जाते."

म्हणून रबरी हातमोज्यांच्या कारखान्याच्या मॅनेजरनं बोलावलं, तेव्हा मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीच्या तपासनीस बाई येणार होत्या. कामगारांना कुणी डांबून तर ठेवलं नाही ना, हे बघायला.

"आमच्या बायका चांगल्या आहेत, पण पाहुण्यांसमोर त्यांची दातखीळ बसते," मॅनेजर म्हणाला. "प्रश्न ठरलेले असतात, उत्तरं आम्ही देतो. तुम्ही फक्त बोलायला शिकवा."

मास्तरांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

जेवणघरातली बाकं भिंतीला लावून तालीम सुरू झाली. बायका दूरदूरच्या गावांहून ठेकेदारानं आणलेल्या, राहायच्याही कारखान्यातच. हातमोज्यांच्या पावडरीनं भुवया पांढऱ्या झालेल्या, त्यामुळे तरण्या पोरीही आजीबाई दिसायच्या. 'माझं ओळखपत्र माझ्याजवळच असतं. सुट्टीला मी बाहेर जाते. मला इथून केव्हाही जाता येतं.' मास्तरांनी जीव ओतला. "पाठ केलंय असं वाटता कामा नये. जरा थांबा, आठवल्यासारखं करा, मधेच हसा." सगळ्यांत वयस्क मावशी तर अशी झकास हसायला शिकली की मास्तरांनी स्वतःच टाळी वाजवली.

अडली ती एकच. तिला सगळ्या अबोली म्हणायच्या, कारण ती बोलायचीच नाही. पहिलंच वाक्य तिच्या तोंडून निघेना.

"अगं, सोपं तर आहे. कशाला अडतेस?"

"ते माझ्याजवळ नाही, मास्तर," ती खाली बघत म्हणाली. "आल्या दिवशीच ठेकेदारानं काढून घेतलं. सगळ्यांचंच. त्याच्याशिवाय फाटकाबाहेर सोडत नाहीत. आई अंथरुणाला खिळलीय माझी. मला घरी जायचंय."

मास्तरांनी मॅनेजरला विचारलं. "हरवतात हो या," मॅनेजर चहा पुढे सरकवत म्हणाला, "म्हणून सांभाळून ठेवतो. मागितलं की देतो." मास्तर चहा प्यायले. कुठंतरी पाणी मुरतंय हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. पण बसत आलेलं नाटक ऐन वेळी मोडणं त्यांच्या जिवावर आलं. अबोलीला त्यांनी शेवटच्या बाकावर बसवलं आणि चक्क कानाडोळा केला.

तपासनीस बाई आल्या. उत्तरं कशी झरझर आली. मावशी नेमकी जागेवर हसली. मग अबोली उभी राहिली आणि तिनं खरं सांगितलं. पण ते कसं, तर अर्धं ओठात, अर्धं घशात. ओळखपत्र कुणी घेतलं, तर आधी ठेकेदार म्हणाली, मग मॅनेजर म्हणाली, मग रडूच फुटलं. बाईंनी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि जाताना मॅनेजरला म्हणाल्या, "बाकीच्या किती मोकळेपणानं बोलल्या. हिला बहुतेक घरची आठवण येतेय."

खोटं खऱ्यासारखं वाटलं होतं आणि खरं खोट्यासारखं. आणि हे सगळं मास्तरांचं कर्तृत्व. मॅनेजरनं त्यांचा हात हातात घेऊन आभार मानले, नव्या बायका यायच्यात, त्यांनाही शिकवा म्हणाला. घरी येऊन मास्तर जेवलेच नाहीत. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"मग आता हात चोळत बसणार का? खरं बोलायला शिकवा की तिला."

मास्तर पेटले. कामगार अधिकाऱ्याच्या कचेरीत हेलपाटे सुरू झाले. कधी साहेब बाहेर, कधी साहेब बैठकीत. शेवटी भेटले तर म्हणे, तक्रार कामगारानं स्वतः येऊन करायला हवी.

"ती बाहेर येऊ शकत नाही, हीच तर तक्रार आहे हो," मास्तर ओरडले, तेव्हा शिपायानं त्यांना दाराबाहेर काढलं. तरी ते जात राहिले. निदान पिच्छा सुटावा म्हणून साहेब कारखान्यात यायला तयार झाले. तोवर मास्तर नव्या बायकांना शिकवायच्या निमित्तानं अबोलीकडून खरं घोटून घेत होते.

साहेबांसमोर ती एकदाही अडखळली नाही. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे तुला कुणी पढवलं?"



"मास्तरांनीच," अबोली म्हणाली. "आधी आम्हाला खोटं शिकवलं. मग मला खरं नीट सांगायला शिकवलं."

मॅनेजर आत गेला आणि तिचं ओळखपत्र घेऊन आला. "तिनंच ठेवायला दिलं होतं, साहेब. मागायचं ना." अबोलीनं ते झटकन घेतलं आणि सामान आणायला धावली.

"आणि बाकीच्यांची?" मास्तरांनी विचारलं.

साहेब बायकांकडे वळले. दारातच ठेकेदार उभा होता. प्रत्येकीचं गाव, घर, घरातली माणसं त्याला ठाऊक. मावशीनं त्याच्याकडे पाहिलं.

"माझं ओळखपत्र माझ्याजवळच असतं, साहेब," ती म्हणाली, जरा थांबली आणि हसली. मग एकेक करत सगळ्यांनी तेच सांगितलं.

"खोटं आहे," मास्तर म्हणाले. "दाखवायला सांगा त्यांना. ही उत्तरं मी बसवलीत."

"तक्रार एकीचीच होती, ती मिटली. त्या तपासनीस बाईंनाही यांनी हेच सांगितलंय," साहेब उठत म्हणाले. "आणि मास्तर, तुमचं मी नेमकं काय धरायचं? आधी शिकवलेलं की आताचं?"

साहेब गेले. मास्तर तणतणत मावशीजवळ आले. "का असं केलंत? मी उभा होतो ना इथं?"

मावशीनं हातांवरची पावडर झटकली. "तुम्ही आता घरी जाल, मास्तर. आम्हाला इथेच झोपायचंय."