माझ्या पिंडाचा कावळा

गड्यांनो, आल्या आल्या लिहायचं होतं; पण पारावर अस्वलवाला आला आन् दुपार गेली.

आजोबांनी माझा जमिनीचा वाटा पंचांच्या हवाली ठेवलेला, मी परतलो की द्यायचा. निजामाचा अर्धा मुलूख भटकून आज चकलांब्याला आलो आन् वाटा मागितला.

चुलते म्हणाले, "पाच वर्षं तुझा पत्ता न्हाई. आमी तुझं दहावं केलं!"

"पण मी जिता हाय की, काका!"

"आसशील. पण पिंडाला कावळा लगेच शिवला. जमिनीची इच्छा आसती तर शिवला आसता का बे?"

पंचांनी माना डोलावल्या. मी तिथंच पारावर तुमाला हे लिहाया बसलो.

थांबा, दहाव्याचे गुरुजीच आलेत. म्हणतात, "कुठला कावळा? दुपारपर्यंत वाट बघून शेवटी मीच दर्भाचा केला!"