जनरलसाहेबांचा हार

इंदिरानगरात आमच्या वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. महायुद्धातल्या डोंगरी फौजेचा एक जर्मन जनरल त्यांचं दैवत होता. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर धाप लागली की ते थांबून म्हणत, "आमचे जनरलसाहेब कॉकेशस चढले, तेही बर्फातून!" जणू निम्मी चढण यांनीच चढली होती.

दर दसऱ्याला ते झेंडूचे दोन हार आणत. एक स्कूटरला, दुसरा दिवाणखान्यातल्या जनरलच्या फोटोला.

एका दसऱ्याला मी तिथं चहा घेत होतो. ते हार घेऊन आत आले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अहो, तुम्ही आणलेलं ते नवं पुस्तक चाळलं मी. तुमच्या जनरलसाहेबांनी ग्रीसमधली गावं जाळली म्हणे. बायकापोरांसकट."

"युद्धात होतं असं."

"होतं, की करतात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं. हार घेऊन ते खाली गेले.

मी परतताना जिन्यातून खाली पाहिलं, तर दोन्ही हार स्कूटरला घातले होते.

फोटो त्यांनी कधी उतरवला नाही. पण त्यानंतर पांडवलेणीवर धाप लागली की ते नुसतेच थांबत.